समाचाराला कुठे जायचं?

ताई,

मी चिंचवडला राहतो, वय ५६. डिप्लोमा करून प्रेस शॉपमध्ये लागलो, पस्तीस वर्षं शीट मेटलमध्येच आहे, आता प्रॉडक्शन बघतो. तुमच्या सदरात सासू-सुना, मुलांची लग्नं, जमिनीच्या वाटण्या असे विषय असतात. त्यात माझा प्रश्न पोरकट वाटेल, पण दुसरं कोणाला विचारणार?

२२ जुलै २०२५ ला ऑझी ऑस्बॉर्न गेला. ब्लॅक सॅबथ या इंग्लंडच्या बँडचा गायक. त्याआधी सतरा दिवस त्याचा बर्मिंगहॅममधला शेवटचा कार्यक्रम मी रात्रभर जागून मोबाइलवर पाहिला होता. दुसऱ्या दिवशी आषाढी. बायको पहाटे उठली, तर मी कानात हेडफोन घालून सोफ्यावर डोळे पुसत होतो. तेव्हा ती काही बोलली नाही. पण तो खरंच गेल्यावर चार दिवस मला जेवण गेलं नाही, तेव्हा म्हणाली, “काका वारले तेव्हा तिसऱ्या दिवशी कामावर गेला होतात.” मेव्हण्याने विचारलं, “म्हणजे तो वटवाघूळ चावलेला ना?” मुलगी २३ वर्षांची आहे. ती प्रेमानेच म्हणाली, पण म्हणाली, “बाबा, तुम्ही या जगात आहात हे त्याला माहीत तरी होतं का?”

आता सवय लागली आहे. सकाळी उठलो की आधी मोबाइलवर बघतो, आज कोण गेलं. कंपनीच्या जुन्या डायरीत सगळ्यांची नावं आणि जन्मतारखा लिहून ठेवल्या आहेत. गेला की लाल पेनाने रेघ. मित्रांच्या ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजी येतात आणि दहा मिनिटांनी कोणीतरी शेअर बाजाराचं काहीतरी टाकतो. (ज्याने मला या सगळ्याची पहिली कॅसेट भरून दिली तो पॉलिटेक्निकचा रूममेट २०२१ च्या एप्रिलमध्ये गेला. तेव्हा जाता आलं नाही.)

माझे दोन प्रश्न. हे दुःख खरं आहे की वय झाल्याचं लक्षण? आणि उरलेल्यांपैकी एखाद्याला तरी प्रत्यक्ष बघायला परदेशात जावं का? दोन-अडीच लाख मोडावे लागतील.

— चिंचवडचा एक वाचक



आधी तुमच्या मेव्हण्याचं बघू. हो, तोच. १९८२ साली अमेरिकेत एका कार्यक्रमात कोणीतरी स्टेजवर वटवाघूळ फेकलं, त्याला ते रबराचं वाटलं आणि त्याने त्याचं डोकं चावलं. तुमचं पत्र येईपर्यंत मलाही ऑझी ऑस्बॉर्नबद्दल एवढंच माहीत होतं, तेव्हा मेव्हण्यावर रागावू नका. जगातल्या निम्म्या लोकांनी त्या माणसाच्या पन्नास वर्षांतून नेमकं ते वटवाघूळ लक्षात ठेवलंय.

मी रॉकमधली नाही. मी किशोरीताई आमोणकरांची. पण उत्तर द्यायचं तर ऐकायला हवं म्हणून भाच्याला बोलावून दोन संध्याकाळी बसले. पहिला अल्बम लावला, १९७० चा. सुरुवातीला नुसता पाऊस, लांब कुठेतरी घंटा. मला वाटलं, आता दार करकरणार आणि पांढऱ्या साडीतली बाई येणार. मग गिटार सुरू झाली आणि मी जरा सरसावून बसले. तीनच सूर आहेत हो. सा, वरचा सा आणि मग एकदम तीव्र मध्यम, तोही थरथरत धरून ठेवलेला. यमनात आपण त्याला रोज भेटतो, पण तिथे शेजारी पंचम असतो, घरातलं माणूस असल्यासारखा. इथे तो उघड्यावर एकटा उभा केलाय. भाचा म्हणाला, “मावशी, यालाच हेवी मेटल म्हणतात.” मी म्हटलं, याला विवादी लावून मजा बघणं म्हणतात. पण मजा होती, हे कबूल. तिसऱ्या गाण्याला मी आवाज कमी करायला लावला हेही कबूल.

आता तुमचा पहिला प्रश्न. तुम्ही हे कोणालाही विचारलंत तर एक तयार उत्तर मिळेल: “तुम्ही त्याच्यासाठी रडत नाही, स्वतःच्या तारुण्यासाठी रडताय.” माझ्याही पेनाच्या टोकाशी ते आलं होतं, पण मी लिहिणार नाही, कारण मला ते आळशी वाटतं. आपल्या आजीसाठी माणूस रडतो तेव्हा कोणी म्हणतं का, की तू तिच्यासाठी नाही, उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी रडतोयस? सुट्टी असतेच त्यात. पण आजीही असते. तुमच्या बाबतीत ऑझी होता. त्याचा आवाज १९८८ पासून तुमच्या कानात आहे. नातेवाइकांपैकी किती जणांचा आवाज तुम्ही इतके तास, इतकं लक्ष देऊन ऐकलाय? काकांचा?

मुलीला हेच सांगा, जमलं तर. त्याला तुम्ही माहीत नव्हतात, बरोबर आहे तिचं. पंढरपूरला जाणारा माणूस विठोबा आपल्याला नावाने ओळखतो का, याची चौकशी करून निघत नाही. (तुलना करत नाहीये, तलवारी म्यान ठेवा. ऑझीला कोणी विटेवर उभं करा म्हणत नाहीये.) एवढंच म्हणतेय की एका बाजूनेच ओळख असणं यात आपल्याकडे कधी कोणाला लाज वाटलेली नाही.

बायकोशी मात्र वेगळं बोलावं लागेल. तिची तक्रार ऑझीबद्दल नाहीच. तुमच्यात इतकं रडू होतं आणि ते घरातल्यांच्या वाट्याला कधी आलं नाही, हे तिला त्या पहाटे दिसलं, आणि ते लागणारच. त्यावर “तुला त्या म्युझिकमधलं काय कळतंय” असं चुकूनही बोलू नका. गाणंही ऐकवू नका, निदान आधी नको. तिला टोनी आयोमीच्या बोटांची गोष्ट सांगा. ती पस्तीस वर्षं प्रेस शॉपमधल्या माणसाबरोबर संसार करतेय, तिला ती गोष्ट माझ्यापेक्षा जास्त कळेल.

तुम्हाला ती पाठ असणार, पण बाकी वाचकांसाठी सांगते. टोनी आयोमी हा सॅबथचा गिटारवाला. बर्मिंगहॅम म्हणजे कारखान्यांचं गाव, आणि त्यातला ॲस्टन हा कामगारांचा भाग, बँडमधले चौघेही तिथलेच. आयोमी सतरा वर्षांचा, शीट मेटलच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. नोकरीचा शेवटचा दिवस, कारण बँडबरोबर बाहेर जायचं ठरलं होतं. दुपारी घरी जेवायला आला, म्हणाला आता परत जात नाही. आई म्हणाली, घेतलेलं काम पुरं करून ये. गेला. त्या दिवशी प्रेसवरची बाई आली नव्हती म्हणून याला प्रेसवर बसवलं. कधी न चालवलेलं मशीन. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. आणि हा डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात तोच.

शेवटचा दिवस, बदली कामगार, सवय नसलेलं मशीन. तुमच्या धंद्यातल्या कोणालाही विचारा, अपघात असेच होतात. पेडलवर पाय, डायमध्ये हात. टू-हँड स्विच आणि सेन्सर येण्याआधी पॉवर प्रेसवर किती बोटं गेली, हे भोसरी-चिंचवडला मी काय सांगायचं.

पुढचा भाग मला जास्त आवडला. कारखान्यातल्या त्याच्या साहेबाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून दिली. जळून दोन बोटं निकामी झालेला, तरी थोर ठरलेला गिटारवादक. मग या पोराने भांडी घासायच्या लिक्विडची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, तिच्या टोप्या केल्या, सोल्डरिंग आयर्नने भोक पाडून बोटाच्या मापाच्या बसवल्या, घासून गुळगुळीत केल्या आणि वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं. टोपीखाली तार जाणवत नाही, जोरात दाबली तर दुखतं, म्हणून बँजोच्या बारीक तारा लावल्या. पुढे तारा आणखी सैल केल्या, म्हणजे सूर खाली उतरवला. तो जड, खोल, संथ आवाज, ज्यावर पुढे जगभर हजारो बँड उभे राहिले, त्यात या सैल तारांचा मोठा वाटा आहे. हा जुगाड एका शीट मेटल कामगाराने स्वतःच्या हातासाठी केला. टूलरूममध्ये बसून जिग-फिक्स्चर बनवावं तसा.

हे मिसेसना सांगा, आणि सांगताना स्वतःचे हात टेबलावर ठेवा.

एक गोष्ट मात्र माझ्या घशाखाली उतरत नाही आणि ती लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. १९८९ साली नशेत ऑझीने बायकोचा गळा दाबला होता, त्यासाठी त्याला अटक झाली. तिने पुढे खटला चालवला नाही, संसार टिकला, आणि शेवटपर्यंत त्याचं सगळं तिनेच सांभाळलं. तो स्वतःही याबद्दल नंतर उघड बोलला. तरी मी बाई आहे, मला हे कंसात टाकता येत नाही. तुम्ही रडा, पण त्याला देव्हाऱ्यात बसवू नका. बसवावं लागतही नाही. आपल्या घरात गेलेल्या माणसांबद्दलही आपल्याला काय काय माहीत असतं, आणि तरी आपण पान वाढतोच.

सगळे एकदम का जायला लागले, असं तुमच्या पत्रात मध्येच एक वाक्य होतं, मी वर छापलं नाही. त्यात गूढ काही नाही, साधं गणित आहे. बीटल्समधला रिंगो स्टार १९४० चा, पॉल मॅकार्टनी १९४२ चा, रोलिंग स्टोन्सचे जॅगर आणि रिचर्ड्स दोघेही १९४३ चे, लेड झेपेलिनचा जिमी पेज १९४४ चा, ऑझी आणि आयोमी १९४८ चे. युद्धाच्या आगेमागे जन्मलेली ही मुलं १९६५ ते १९७५ या दहा वर्षांत एकाच वेळी जगभर पोचली, तर जाणारही आगेमागेच. आपल्या वाड्यातली एका वयाची माणसं कशी दोन-तीन हिवाळ्यांत पटापट जातात, तसंच.

पण यात एक खरंच नवं आहे, ते मला तुमच्या डायरीवरून सुचलं. आधी या संगीतात माणसं म्हातारी होऊन मरतच नव्हती. हेंड्रिक्स, जॅनिस जॉप्लिन, जिम मॉरिसन हे तिघे १९७० आणि ७१ मध्ये वर्षाच्या आत गेले, तिघेही २७ वर्षांचे. आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी ४५ चा होता. ते मरण म्हणजे अपघात, किंवा अकाली घाला, त्याला एक दंतकथेची झाक होती. आणि आता? ऑझीला पार्किन्सन. एसी/डीसीचा माल्कम यंग डिमेन्शियाने गेला. डेव्हिड बोवीला कॅन्सर, एकोणसत्तरावा वाढदिवस, त्याच दिवशी नवा अल्बम, आणि दोन दिवसांनी, १० जानेवारी २०१६ ला, संपलं. हे सगळे आपल्या वडिलांचे आजार आहेत. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीतले. आमच्या बाजूला आम्हाला त्याची सवय आहे. भीमसेनजी ८८ व्या वर्षी गेले, किशोरीताई ८४ व्या. ख्यालगायक म्हातारा होतो तेव्हा आम्ही म्हणतो, आता गाणं पिकलं. तुमच्याकडे पोस्टरवर माणूस पंचवीस वर्षांचा असतो आणि तुमच्या हॉस्टेलच्या भिंतीवर तो तसाच चिकटून राहतो, सेलोटेप पिवळी पडली तरी. त्यामुळे तुम्हाला आधी त्याचं म्हातारपण सोसावं लागलं आणि मग लगेच मरण. श्वास घ्यायला मध्ये वेळच मिळाला नाही.

तरी मला त्या शेवटच्या कार्यक्रमाबद्दल वाचून हेवा वाटला. ५ जुलै, व्हिला पार्क, ॲस्टनमधलं फुटबॉलचं मैदान, म्हणजे ज्या गल्लीत वाढला तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. चौघे मूळ सॅबथवाले वीस वर्षांनी एका स्टेजवर. त्याला उभं राहता येत नाही म्हणून काळ्या सिंहासनावर बसवलेला. आणि त्याआधी दिवसभर मेटालिका, गन्स एन’ रोझेस, स्लेयर आणि आणखी कितीतरी बँड एकामागून एक येऊन स्वतःच्या गाण्यांबरोबर त्याचीही गाणी वाजवून जातायत. मेटालिकाचे लोक स्वतः साठीपार आहेत. भाच्याला मी म्हटलं, अरे, ही गुरुपौर्णिमा आहे. कॅलेंडर काढून पाहिलं तर त्या वर्षीची गुरुपौर्णिमा पाचच दिवसांनी होती. मिळालेले पैसे पार्किन्सनच्या संशोधनाला, मुलांच्या रुग्णालयाला आणि गंभीर आजारी मुलांच्या शुश्रूषागृहाला. असं जिवंतपणी आणि आपल्याच गल्लीत निरोप मिळणारी माणसं फार थोडी.

मग तो गेला, आणि इथून तुमची खरी अडचण सुरू होते, असं मला वाटतं. ३० जुलैला बर्मिंगहॅममध्ये अंत्ययात्रा निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हजारो माणसं, पुढे गावातला ब्रास बँड त्याचीच गाणी वाजवतोय, सॅबथच्या नावाच्या पुलाशी गाडी थांबली, घरचे उतरले, फुलांचा ढीग. तिथल्या तुमच्या वयाच्या माणसाला जेवण गेलं नाही, तर त्याला कोणी विचारलं नसेल, की का रे बाबा. चिंचवडला तुम्ही एकटे होतात.

लतादीदी गेल्या तो रविवार आठवा, ६ फेब्रुवारी २०२२. आमच्या सोसायटीत प्रत्येक खिडकीतून वेगळं गाणं येत होतं, वॉचमनच्या मोबाइलवरसुद्धा. मी खाली भाजी घ्यायला गेले तर भाजीवाली म्हणाली, “गेल्या ना.” एवढंच. कोण, हे विचारावं लागलं नाही. त्या दिवशी दुःख सगळ्यांनी वाटून घेतलं, माझ्या वाट्याला पसाभर आलं.

किशोरीताईंचं तसं नव्हतं. ४ एप्रिल २०१७ च्या सकाळी बातमी कळली. पेपरात होतं, टीव्हीवर होतं, पण माझ्या घरात मी एकटीच होते जिला त्याचं काही वाटत होतं. नवऱ्याने विचारलं, इस्त्रीचे कपडे आले का. त्याची चूक नव्हती, सोमवारी दिलेले कपडे खरंच यायचे होते. मी चपला घातल्या आणि तीन स्टॉप लांब राहणाऱ्या मैत्रिणीकडे गेले, न कळवता. तिने गाऊनवरच दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन रवा भाजायला घेतला. आम्ही गाणं लावलं नाही. सवाईच्या मंडपात दोन तानपुरे जुळेपर्यंत आम्ही खोकलासुद्धा कसा दाबून बसायचो, हे ती बोलत राहिली, मी बोलत राहिले, उपमा गार झाला. दीड तासाने मी घरी आले आणि इस्त्रीवाल्याला फोन केला.

आपल्याकडे माणूस गेला की समाचाराला जायचं असतं. सतरंजीवर बसायचं, कधी गेले, काय झालं होतं, हे माहीत असलं तरी पुन्हा विचारायचं, चहा घ्यायचा, उठायचं. बोलणं तेच तेच असतं आणि ते तेच तेच असण्यातच त्याचा उपयोग असतो. तुम्हाला समाचाराला जायला घरच नव्हतं. ग्रुपवरची इमोजी म्हणजे दारातून परत फिरणं झालं. तेव्हा तुमचं दुःख खोटं नाही आणि वयाचं लक्षणही नाही. ते भेटीला न गेलेलं दुःख आहे. पॉलिटेक्निकच्या त्या चौघा-पाच जणांना एका रविवारी घरी बोलवा, फोन करून, ग्रुपवर मेसेज टाकून नव्हे. कोणी म्हणेल, आता कशाला, दिवस होऊन गेले. म्हणू दे. येतील.

डायरीबद्दल मात्र मी सरळ सांगते, ती बंद करा. गेलेल्यांच्या नावावर रेघ मारता ते एक वेळ ठीक, पण खाली जी जिवंत नावं जन्मतारखेसकट रांगेत उभी केली आहेत, ते बरं नाही. जिवंत माणसाचं सुतक धरत नाहीत. रोज सकाळी उठून ‘आज कोण’ बघणं म्हणजे आयसीयूच्या बाहेर बाकावर बसणं झालं, तेसुद्धा ज्यांचा पेशंट धडधाकट घरी आहे अशांनी. रिंगोला काय वाटेल?

आता दोन-अडीच लाख. मुलगी २३ ची आहे, तिचं शिक्षण किंवा लग्न यातलं काही उभं असेल तर प्रश्नच मिटला. तसं नसेल आणि पैसे कर्जाचे नसतील, तर मी नको म्हणणार नाही. आयुष्यभर लोकांच्या लग्नाच्या आहेरात माणूस यापेक्षा जास्त घालवतो. पण ‘शेवटचा दौरा’ या शब्दांवर भाळून तिकीट काढू नका. तुमच्याच ऑझीने १९९२ मध्ये ‘आता दौरे नाहीत’ म्हणून निरोपाचा दौरा केला आणि २०१८ मध्ये त्याच नावाचा दुसरा भाग काढला. आमच्या नाटकवाल्यांचे ‘शेवटचे २५ प्रयोग’ पाहिलेल्या माणसाला हे नवं नाही. शिवाय हल्ली त्यांच्यातले बरेच जण इकडे येतात. रोलिंग स्टोन्स २००३ मध्ये मुंबईत वाजवून गेले, रॉजर वॉटर्स २००७ मध्ये, त्याच वर्षी आयर्न मेडन बंगळुरूला, आणि गन्स एन’ रोझेस २०२५ च्या मे महिन्यात महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर. चिंचवडहून रेसकोर्स म्हणजे सकाळची सिंहगड एक्स्प्रेस. पुढच्या वेळी कोणी आलं की रजा आधी टाका आणि मुलीला बरोबर न्या. तिने तिथे मोबाइलवर बोटं फिरवली तरी चालेल.

आणि जवळचे विसरू नका. आपल्याकडेही या संगीताची एक पिढी होऊन गेली, तीही आता उतरणीला लागलीय. नंदू भेंडे २०१४ मध्येच गेले, मराठी घरात वाढून इतका अस्सल रॉक गाणारा माणूस. रॉक मशीन नावाचा बँड, पुढे त्याचाच इंडस क्रीड झाला, त्यातला गिटारवाला महेश तिनईकर. यांच्या पिढीतलं कोणी पुण्या-मुंबईत वाजवत असेल तर तिथे जायला व्हिसा लागत नाही.

राहिली कंसातली ओळ. अख्ख्या पत्रात कंस एकच आहे. त्यात २०२१ चा एप्रिल आहे, आणि त्या एप्रिलबद्दल मला काही समजावून सांगू नका. माझ्याही घरातलं एक माणूस त्या महिन्यात गेलं, रुग्णालयाच्या मागच्या दाराने, आम्ही पार्किंगमध्ये उभे असताना.

मी असं म्हणणार नाही की ऑझीसाठी रडलात ते मुळात मित्रासाठी होतं. दोन वेगळी माणसं गेली, दोघांचा हिशोब वेगळा ठेवा. पण एकाच्या दुःखापायी परदेशात जायचा विचार करताय आणि दुसऱ्याचं घर कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे. त्याची बायको असेल, मुलं असतील, चार वर्षं उलटून गेली असतील. उशीर झाला म्हणून लाज वाटेल. दारात पहिलं वाक्य तेच बोला, “यायला उशीर झाला.” पुढचं त्या बोलतील. ऑझीचा विषय आपण होऊन काढू नका, चहा होऊ द्या.

ती कॅसेट अजून आहे असं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय. साठ मिनिटांची, निळ्या पेनाने त्याच्या अक्षरात गाण्यांची नावं, स्पेलिंगं चुकलेली. त्यावरचा अल्बम बेचाळीस मिनिटांचा, कॅसेटची एक बाजू तीसचीच, म्हणून तीस मिनिटांवर सहावं गाणं मध्येच तुटतं, आणि सदतीस वर्षांनी आजही मोबाइलवर ते गाणं त्या जागी न तुटता पुढे गेलं की तुम्हाला चुकल्यासारखं वाटतं. हे वाचून मी भाच्याला ते सहावं गाणं लावायला सांगितलं. कुठे तुटत असेल याचा अंदाज करत बसलो.

ती घेऊन जा. त्यांच्याकडे प्लेअर नसणार, तुमचा न्या, आणि बेल्ट गेला असेल तर पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत बघा. इतकी वर्षं न वाजलेली टेप लगेच लावू नका, आधी एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण फिरवून घ्या, पेन्सिल खिशात असू द्या. त्याच्या मुलाला वडिलांचं अक्षर दाखवा. आणि वाजवण्याआधी त्याला सांगून ठेवा की सहावं गाणं मध्येच तुटणार आहे, नाहीतर टेप बिघडली म्हणून तो बटण दाबायला उठेल.